कप्तानांच्या बोटीवर वीज पडली तेव्हा

वीज पडली तेव्हा सकाळचा चहा उकळत होता. बेटाच्या आडोशाला नांगर टाकून बोट उभी होती, वादळ पहाटेपासून डोक्यावर घोंघावत होतं, आणि सूनबाई एका हाताने भांडं सावरत दुसऱ्या हाताने साखरेचा डबा चाचपत होती. आधी सगळं पांढरं झालं. मग आवाज आला. तो कानांनी ऐकला असं म्हणता येणार नाही, तो छातीतूनच आरपार गेला. डोळ्यांवरची झापड सरली तेव्हा चहा जमिनीवर होता, नाकात जळक्या प्लास्टिकचा वास भरला होता आणि भिंतीवरच्या यंत्रांचे तिन्ही पडदे काळे ठिक्कर पडले होते.

"लागलं का कुणाला?" तिने ओरडून विचारलं.

"नाही, नाही," बाकावरून नवरा म्हणाला. त्याचा आवाज एखाद्या डब्यातून आल्यासारखा वाटत होता.

सासरे जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. उभा जन्म फेरीबोटीवर काढलेला माणूस. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी अख्खं बंदर त्यांना कप्तानच म्हणायचं. त्यांनी हातपाय हलवून पाहिले, चष्मा पुसला, काळ्या पडलेल्या पडद्यांकडे पाहिलं आणि मग सुनेकडे पाहिलं.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "लावा, आणखी डबे लावा!"

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. कान तर अजून वाजतच होते. पण कप्तानांनी शंकेला जागाच ठेवली नाही.

"चांगली लाकडी बोट होती माझी. हिने वायरींचं जाळं पसरलं आणि आकाशातली वीज घरात बोलावली. तरी मी म्हणत होतो."

सूनबाईचं बंदरामागच्या गल्लीत बोटींच्या वायरिंगचं दुकान होतं. मासेमारीच्या निम्म्या बोटींची यंत्रं तिच्या हाताखालून गेलेली. कप्तानांच्या बोटीवरचं काम तिने सुट्टीच्या दिवशी येऊन, गुडघे सोलून, फुकट केलं होतं. का, तर कप्तानांना आता लांबचं नीट दिसत नाही आणि तरीही ते समुद्रावर जायचे थांबत नाहीत, म्हणून नवऱ्याने गळ घातली होती. आणि आता आभाळातून वीज पडली त्याचंही खापर तिच्याच डोक्यावर! तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण त्याच क्षणी तिच्या पायाला गार लागलं. खाली पाहिलं तर फळ्यांच्या फटीतून पाणी वर येत होतं.

"भांडण नंतर," ती म्हणाली. "फळ्या उचला आधी."

नवऱ्याने फळ्या उचलल्या. बोटीच्या पोटात पाणी जमलं होतं आणि ते हलके हलके चढत होतं. विजेवरचा पंप अर्थातच मेला होता. नवरा हातपंपाला भिडला. सूनबाईने खणातून बॅटरीचा जुना टॉर्च काढला. तो कुठल्याच वायरीला जोडलेला नव्हता म्हणून वाचला होता. चार्जिंगला लावलेले तिघांचे फोन मात्र कोळसा झाले होते. ती पोटावर पालथी पडली आणि बुडाला जिथे जिथे भोक पाडून काही बसवलेलं होतं, ती प्रत्येक जागा हाताने तपासत पुढे सरकू लागली. वीज डोलकाठीतून उतरली की तिला पाण्यात जायला वाट हवी असते, आणि मोकळी वाट मिळाली नाही तर ती कुठूनही फोडून जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वाट सापडली. पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा जो तुकडा बुडात बसवला होता, तो तडकून निम्मा उडाला होता आणि तिथून बोटभर जाडीची धार उसळत होती. तिने लाकडी खुंटीला चरबी फासलेलं फडकं गुंडाळलं, ती भोकात घातली आणि हातोड्याने ठोकली. धार थांबली. थेंब थेंब राहिलं.

पण तिच्या मनातून एक गोष्ट जाईना. या विजेला मोकळी वाट तिने करून ठेवली होती की! डोलकाठीच्या पायथ्यापासून बुडाखालच्या शिशाच्या वजनापर्यंत तांब्याची रुंद पट्टी तिने स्वतः टाकली होती. ती असताना वीज इथून का फुटावी? पट्टी वितळली? तुटली? ती टॉर्च घेऊन डोलकाठीच्या पायथ्याशी सरपटत गेली.

पट्टी वितळली नव्हती, तुटलीही नव्हती. ती शिशाच्या वजनाच्या बोल्टवरून नीट सोडवलेली होती. तिचं टोक दुमडून बाजूला सारलं होतं. बोल्टचं नट गंजू नये म्हणून त्याला ग्रीस लावून, चिंधीत बांधून कोनाड्यात ठेवलं होतं. आणि पट्टी जिथून जायची तिथे कप्तानांची मासे धरायच्या गळांची पेटी ऐसपैस बसली होती.

सूनबाई उठून बसली. चिंधी तिने तळहातावर उलगडली.

"हे कोणी सोडवलं?"

नवऱ्याचा पंप थांबला.

"ती पट्टी?" कप्तान सहज म्हणाले. "मीच काढली. पेटी बसत नव्हती तिथे. आणि काय काम होतं तिचं? दिवा लागत नव्हता, काही नाही. नुसती पट्टी."

"नुसती पट्टी," ती म्हणाली.

"नट फेकलं नाही मी. जपून ठेवलंय."

"बाबा, वीज पडली तर ती पाण्यात जायला होती पट्टी! तिचं तेवढंच काम होतं. ती असती तरी पडदे वाचले असते असं मी म्हणत नाही. पण बुडाला भोक पडलं नसतं! आपण आत्ता बुडालो असतो, कळतंय का तुम्हाला? तुमच्या गळांच्या पेटीपायी!"

"मला कोणी सांगितलं नाही पट्टी कशाची ते."

"मी सांगितलं होतं. इथे, याच बाकावर बसून. तुम्ही म्हणालात, 'बरं बरं.'"

कप्तानांना आठवलं असावं, कारण ते मिशी चावू लागले. सूनबाई नवऱ्याकडे वळली. तो पंपाच्या दांड्याकडे फार लक्ष देऊन पाहत होता. ती त्याला चांगली ओळखून होती.

"तुला माहीत होतं."

"अगं, म्हणजे… मागच्या खेपेला दिसली होती मला. म्हटलं, तुला सांगितलं तर उगाच वाद होणार. बाबांचं वय झालंय. म्हटलं, जाऊ दे. तसंही वीज कशाला पडतेय."

सासऱ्यांनी पट्टी काढली त्याचा राग एका जातीचा होता. तो गरम होता, बोलून टाकता येत होता. हा दुसरा राग मात्र थंड होता आणि तो तिच्या पोटात जाऊन बसला. घर शांत राहावं म्हणून हा माणूस मूग गिळून बसला आणि त्याच बोटीवर तिला घेऊन आला. वर तिच्याच हातचा चहा प्यायला बसला होता.

"जाऊ दे," ती म्हणाली. "फार छान. पंप मार."

त्यानंतर बराच वेळ ती कामापुरतंच बोलली.

काम तर होतंच. इंजिन सुरू करायची बॅटरी फुगून तडकली होती, म्हणजे जायचं ते शिडावरच. रेडिओ गेलेला, मदत मागायची सोय नाही. थांबावं म्हटलं तर कप्तानांनी वर जाऊन ढगांकडे आणि बेटाच्या टोकावर फुटणाऱ्या लाटांकडे पाहिलं आणि मान हलवली. "संध्याकाळपर्यंत वारा फिरणार. मग हा आडोसा राहत नाही, तोंडावरच मार बसेल. अंधाराच्या आत बंदरात पोचायला हवं." या बाबतीत सूनबाईने त्यांच्याशी वाद घातला नाही. तेवढं त्यांना कळत होतं.

गडगडाट दूर गेला, ऊन डोकावलं, तेव्हा तिने पुढचं काम काढलं. डोलकाठी वरपर्यंत पाहायला हवी होती; तिला ताणून धरणाऱ्या तारांपैकी एखादी विजेने भाजली असेल तर शीड चढवताच काठी खाली. नवऱ्याला दोराच्या पाळण्यात बसवून वर खेचायचं ठरलं. कप्तान दोर गुंडाळत होते, सूनबाई दोराचं टोक धरून होती. नवरा निम्म्यावर पोचला आणि खाली पाहत म्हणाला, "घट्ट धरलंयस ना?"

"बघू," ती म्हणाली. "अजून काय काय लपवलंयस ते आत्ताच सांगून टाक. दोर माझ्या हातात आहे."

"दुसरं काही नाही, देवाशपथ!"

कप्तानांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात घालवलं. सूनबाई हसली नाही.

वरून बातमी आली ती बरी नव्हती. काठीच्या टोकावरचा दिवा आणि वाऱ्याची दिशा दाखवणारं चक्र वितळून त्यांचा गोळा झाला होता. उजव्या बाजूच्या एका तारेच्या वरच्या टोकाशी काळा डाग होता आणि तिचे दोन पदर सुटले होते. नवऱ्याने तिथे जाड दोर बांधला, खाली आणून कप्तानांनी तो ताणून पक्का केला. त्यांच्या गाठी पाहत राहाव्या अशा होत्या. मोठं शीड अर्धंच उघडायचं, असं दोघांनीही एकाच वेळी म्हटलं आणि दोघांनाही ते आवडलं नाही.

आता राहिलं दिशेचं. कप्तान खुशीत आले. त्यांनी बाकाखालून कागदी नकाशे काढले. सूनबाईने कितीदा सांगूनही त्यांनी ते टाकून दिले नव्हते, हे त्यांनी दोनदा ऐकवलं. (तिने टाका असं कधीच म्हटलं नव्हतं. उलट, ओल लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी तिनेच आणून दिली होती.) सुकाणूपुढचा जुना पितळी होका, म्हणजे होकायंत्र, त्यांनी बाहीने पुसला.

"याला ना वायर, ना बॅटरी. आयुष्यभर यानेच घरी नेलंय मला. चला, नांगर उचला."

"नाही," सूनबाई म्हणाली. "आधी होका तपासायचा."

"काय?"

"एवढी वीज शेजारच्या डोलकाठीतून गेली, बाबा. आसपासचं सगळं लोखंड तिने चुंबक करून टाकलं असेल. होका खरं बोलतोय की नाही ते पाहिल्याशिवाय मी नांगर उचलू देणार नाही."

कप्तानांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या खानदानावर शिंतोडे उडवले. "माझा होका तपासणार? तू? तुझे लाखाचे डबे एका फटक्यात मेले आणि माझ्या होक्यावर शंका?"

"हो. मेलेल्या यंत्राची मला भीती नाही. ते मेलंय ते दिसतं तरी. खोटं बोलणारं यंत्र जिवंत दिसतं."

नवरा "अगं, बाबा म्हणतायत तर…" एवढंच म्हणाला. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पुन्हा पंपाकडे गेला.

नांगराच्या जागेवरून किनाऱ्यावरच्या डोंगराचा पांढरा मनोरा दिसत होता, आणि बेटाचं शेवटचं सुळक्यासारखं टोक बरोबर त्याच्याखाली येत होतं. ती रेघ नकाशावर आखता येते. तिची दिशा कोणाच्या बापाला बदलता येत नाही. सूनबाईने पट्टीने रेघ आखली, दिशा मोजली, आकडा मोठ्याने वाचला आणि होक्यावरून मनोऱ्याकडे पाहिलं. होका वीस अंशांहून जास्त चुकत होता.

"तुला वाचता येत नाही," कप्तान म्हणाले.

"वाचा तुम्ही."

त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. होक्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारली, तबकडी हलली, डुलली आणि परत त्याच खोट्या आकड्यावर येऊन थांबली. मग ते नकाशावर वाकले आणि रेघ त्यांनी स्वतः पुन्हा आखली. कितीतरी वेळ ते तसेच वाकून राहिले. सूनबाईला वाटलं होतं, आपल्याला या क्षणी आनंद होईल. तसा झाला नाही. म्हातारा माणूस एकदम लहान दिसायला लागला होता.

"एवढंच नाही," ती जरा हळू म्हणाली. "बोट जसजशी फिरेल तशी चूकही बदलेल. सगळ्या बाजूंना तोंड करून पाहायला हवं."

"माहीत आहे मला," कप्तान पुटपुटले. "होका कसा फिरवून तपासायचा ते मला नको शिकवू. मी लोकांना शिकवलंय." आणि मग, तिच्याकडे न पाहता, "पण आज सुचलं नसतं मला."

नवऱ्याने छोटी होडी पाण्यात सोडली आणि बोटीचं मागचं टोक दोराने बांधून वल्ही मारत ते गोल फिरवायला सुरुवात केली. घामाने तो निथळत होता. "आणखी!" सूनबाई वरून म्हणायची. "पुरे! धरून ठेव!" दर थांब्याला कप्तान मनोऱ्यावर नजर लावून होक्याचा आकडा सांगत आणि सूनबाई आतल्या काळ्या दारावर खडूने लिही: होका हे म्हणतो, खरं हे आहे. कुठे चूक वीसची, कुठे आठची, तर एका दिशेला काहीच नाही. एक फेरी झाल्यावर नवऱ्याने आशेने वर पाहिलं.

"उलट्या बाजूने एकदा," सूनबाई म्हणाली.

"खरंच गरज आहे?"

"आहे," हे कप्तान म्हणाले.

खडूचं काम आटोपल्यावर कप्तानांनी एक जड लोखंडी ओळंबा काढला, त्याच्या दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारल्या आणि त्याच्याच बुडाच्या खळग्यात साबण दाबून भरला. तळाशी टेकला की साबणाला तिथली माती चिकटून वर येते. किती खोल तेही कळतं आणि खाली काय आहे तेही. रॉकेलचा कंदील भरला. हाताने वाजवायचा भोंगा काढून ठेवला. वाटेवर नजर ठेवायच्या पाळ्या ठरल्या. आणि मग वाटेवरूनच जुंपली.

बेट आणि बंदर यांच्यामध्ये कातळांची लांब रांग होती. तिच्या मधोमध एक खिंड होती, तिला 'दार' म्हणत. रांगेच्या दक्षिण टोकाला 'शेपूट' म्हणत; त्याला वळसा घालून गेलं तर वाट लांबची, पण पाणी खोल.

"दारातून जायचं," कप्तान म्हणाले. "डोळे मिटून जातो मी."

"डोळे मिटूनच जावं लागेल, बाबा. खोली दाखवणारं यंत्र नाही, इंजिन नाही, होका खडूच्या आधारावर. दारात वारा पडला तर काय वल्ही मारणार?"

"शेपटाला वळसा घालून अंधार पडेल."

"पडू दे. अंधारात बंदराचा दिवा दिसतो. कातळ दिसत नाहीत."

"बोट कुणाची आहे?"

"तुमची," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बोट तुमची, होका तुमचा, पेटी तुमची. जीव माझा आहे. दारातून जायचं असेल तर मला होडीतून बेटावर सोडा आणि खुशाल जा. एकदा या बोटीवर माझं काम मला न विचारता सोडवलंत. दुसऱ्यांदा नाही."

शेवटी नवऱ्याने, ओल्या सदऱ्याने तोंड पुसत, बापाकडे न पाहता म्हटलं, "बाबा, बाहेरून जाऊ."

लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने बापापुढे बाजू घेतली होती, आणि ती बायकोची होती. त्याने हळूच तिच्याकडे पाहिलं, जणू आता तरी तिचा चेहरा निवळेल.

"एवढ्यावर फिटलं नाही," ती म्हणाली आणि नांगराच्या दोराला हात घातला.

निघाले ते बरे निघाले. अर्धं शीड, बाजूचा वारा, मनोरा समोर. पण निम्मी वाट झाली असेल नसेल, तोच किनाऱ्यावरून पावसाची करडी भिंत सरकत आली आणि मनोरा, डोंगर, सगळं पुसून टाकलं. आता होता फक्त होका आणि आतल्या दारावरचा खडू. सुकाणू कप्तानांच्या हातात होतं. आयुष्यभर त्यांनी बंदराकडे यायला जो आकडा धरला, तो आज धरायचा नव्हता. त्याच्यापासून चांगलाच दूरचा धरायचा होता. डोक्याला ते पटलं होतं, पण हात ऐकेनात. बोट हळूहळू जुन्या आकड्याकडे घसरायची.

"बाबा, खडूचा आकडा."

"माहीत आहे!"

थोड्या वेळाने पुन्हा, "बाबा."

"माहीत आहे म्हणतो ना!" पण बोट परत वळायची. सूनबाई त्या खडूच्या दारातच उभी राहिली आणि तिने होक्यावरून नजर काढली नाही. त्यांना राग आला तर येवो. आज कोणाच्या रागाची सरबराई करायला तिला सवड नव्हती.

नवरा पुढून ओळंबा टाकत होता आणि गाठी मोजून ओरडत होता. साबणाला करडा चिखल लागून येत होता. कप्तान म्हणाले, ठीक, चिखल म्हणजे मोकळं पाणी. असा चिखल बराच वेळ आला. मग नवरा ओरडला, "पाणी कमी झालंय! आणि हे काय, काहीतरी टोचतंय."

"आण इकडे!"

कप्तानांनी साबणावरून अंगठा फिरवला. शिंपल्यांचा चुरा होता. त्यांनी चिमूट बोटांत चुरडली आणि कोणाला काही सांगायच्या आत सुकाणू दाबून बोट बाहेरच्या बाजूला फिरवली. "शीड आवळ! पाणी ओढतंय आपल्याला, कातळाकडे ओढतंय!" नवरा दोराला लोंबकळला. बोट कलली, सावरली, आणि मग तिघांनाही ऐकू आलं. पावसाच्या आत, डाव्या हाताला, लाटा फुटत होत्या. दिसत काहीच नव्हतं. नुसता तो जाडा, सलग आवाज.

होक्याचा हिशेब सूनबाईने चोख केला होता. ओहोटीच्या ओढीचा केला नव्हता. ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि होक्याच्या मूळ आकड्यावर विसंबले असते तर ते आत्ता त्या आवाजाच्या आतच असते. ती कप्तानांकडे पाहत राहिली. डोळे बारीक करून, कान देऊन, ते बोट त्या आवाजापासून वीत वीत लांब नेत होते. चिमूटभर चुऱ्यावरून समुद्राचा तळ ओळखणारा हा माणूस. एवढं कळतं याला, एवढं सगळं कळतं, आणि तरी सून दोन वाक्यं सांगत असताना याला 'बरं बरं' म्हणण्यापलीकडे ऐकून घेता येत नाही! खरं तर तिला त्यांचं कौतुक वाटत होतं, आणि त्या कौतुकानेच तिचा राग दुप्पट झाला.

शेपूट मागे पडलं तेव्हा ओळंब्याला पुन्हा चिखल लागला. पाऊस विरळ झाला. तिन्हीसांजेला बंदराचा दिवा दिसू लागला आणि कंदील लावून, भोंगा वाजवत, ते आत शिरले.

धक्क्यावर माणसं जमली होती. पुढे बंदराचा पहारेकरी होता. त्याला सगळे 'कर्णा' म्हणत, कारण त्याच्या कानात पडलेली गोष्ट तासाभरात गावभर वाजायची. वितळलेलं डोलकाठीचं टोक पाहून त्याने दोन्ही हात डोक्याला लावले.

"वीज! आणि तरी आणलीत बोट! कप्तान, तुम्ही होतात म्हणून हो. दुसरा कोणी असता तर संपलंच होतं." मग सूनबाईकडे पाहून, समजूतदारपणे, "यंत्रांचं असंच असतं, बाई. ऐन वेळी दगा देतात. शेवटी जुनं ते जुनंच."

सूनबाई थांबली. कप्तान काय म्हणतात याची तिने वाट पाहिली.

कप्तान म्हणाले, "हं." आणि पिशवी खांद्याला लावून चालू लागले.

नवरा तिच्या कोपराला हात लावून कुजबुजला, "घरी गेल्यावर बोलू. इथे नको. जाऊ—"

"दे म्हणालास तर बघ," ती म्हणाली. आणि मग सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "बाबा!"

सासऱ्यांना एवढ्या मोठ्याने हाक तिने कधीच मारली नव्हती. कप्तान थांबले.

"मी दगा दिला का?"

कप्तानांनी पिशवी खाली ठेवली. त्यांना तिथे उभं राहणं किती जड जातंय ते दिसत होतं, आणि तिने त्यांची सुटका केली नाही. ती नुसती उभी राहिली.

"वीज उतरायला तिने वाट केली होती," ते शेवटी म्हणाले. आवाज फेरीबोटीवरचा होता, मोठा आणि सपाट. "मी ती सोडवून ठेवली. माझ्या सोयीसाठी. भोक पडलं ते त्यामुळे. भोक तिने बुजवलं. होका चुकतोय हे तिने पकडलं, मी नाही म्हणत असताना." त्यांनी कर्ण्याकडे बोट केलं. "वाजवायचं असेल तर एवढं पुरतं वाजव."

त्यांनी तिची माफी मागितली नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही. पण बोलले ते सगळ्यांसमोर बोलले, आणि शब्द गाळला नाही.

माणसं पांगली. नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. "झालं ना? बाबा बोलले ना सगळ्यांसमोर? आता तरी…"

"बाबांचं झालं," सूनबाई म्हणाली. "त्यांना कळत नव्हतं म्हणून त्यांनी केलं. तुला कळत होतं."

त्याने सबब सांगायचा प्रयत्न केला नाही, हे तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

बोटीच्या आतून पाण्याचा थेंब थेंब आवाज येत होता. खुंटी टिकली होती, पण झिरपत होती. बोट उद्या पाण्याबाहेर काढेपर्यंत कोणीतरी तासातासाने पंप मारायला लागणार होता. कप्तान परत आले, धापा टाकत बोटीत उतरले आणि बाकावर बसून बूट काढू लागले. नवराही त्यांच्या मागोमाग उतरला.

"आम्ही बघतो," तो खालून म्हणाला. "तू…"

"मी घरी जाते," ती म्हणाली. "मला झोप आलीय."

तिने टॉर्च त्याच्या हातात दिला, ओल्या चपला झटकल्या आणि धक्क्यावरून सरळ घराकडे निघाली. पाठीमागे पंपाचा दांडा करकरायला लागला होता.